बाई, संपानं सरकार पडतं का?

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते की, बंदुकीला न भ्यालेले काही हुकूमशहा संपाला मात्र भ्याले. त्या एका वाक्यावर महिनाभर पत्रं येत राहिली. पोस्टमन म्हणाला, "बाई, विलेक्शनला उभारलासा काय?" सगळी पत्रं छापायची तर अंक पुरणार नाही. सात निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, कारण आपल्या सीमाभागात आडनाव वाचलं की माणूस कुठल्या गल्लीतला आणि कुणाचा जावई, हे लगेच कळतं.

खानापूरहून बी. ए. ची एक विद्यार्थिनी लिहिते: बाई, आमच्याकडं बंद वर्षातून दोन-चारदा असतोच. बस नसते, कॉलेज बुडतं, संध्याकाळी सगळं जिथल्या तिथं. मग संपानं हुकूमशहा गेला असं कुठं खरंच झालंय, की आम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलंत?

मुलांना बरं वाटावं म्हणून इतिहास शिकवला असता, तर एकतीस वर्षांत माझ्या विषयात एवढी मुलं नापास झाली नसती. ऐक.

१३ मार्च १९२०, शनिवार. पहाटे एहरहार्टच्या नौदल ब्रिगेडचे सैनिक सरकार उलथवायला बर्लिनमध्ये शिरले. पाठीशी जनरल ल्युटविट्झ. वोल्फगांग काप नावाचे एक गृहस्थ चान्सलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, म्हणून खुर्चीत बसले. कायदेशीर सरकार आधी ड्रेस्डेनला आणि तिथून श्टुटगार्टला पळालं, कारण बंडखोरांवर गोळी झाडायला बाकीचं लष्कर तयार नव्हतं. म्हणजे बंदुका एक तर काप यांच्या बाजूला, नाहीतर गप्प. मग सार्वत्रिक संपाची हाक गेली आणि जर्मनीत सुमारे १ कोटी २० लाख माणसं कामावर गेली नाहीत. बर्लिनच्या ट्राम थांबल्या. वीज, गॅस, नळाचं पाणी गेलं. वर्तमानपत्रं निघाली नाहीत. काप यांना स्वतःचा जाहीरनामा टाइप करून घ्यायला माणूस मिळेना, असं सांगतात. त्यांची माणसं राइशबँकेत, म्हणजे तिथल्या सरकारी बँकेत, पैसे मागायला गेली, तर त्या सहीवर पैसे देता येत नाहीत असं उत्तर मिळालं. १७ मार्चला काप गेले. पाच दिवसांचा चान्सलर.

आता तुझ्या बंदकडं बघ. खानापुरात कोण थांबतं? बसवाला, चहावाला, तुझं कॉलेज. त्या दिवशी बंगळुरात एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर जायची राहते का? बर्लिनमध्ये हात काढून घेतले ते फाईल नेणाऱ्यांनी, पाणी सोडणाऱ्यांनी, नोटा मोजणाऱ्यांनी. खुर्चीत बसलेल्याला कळलं की आपण नुसते खुर्चीत बसलोय. दुसरी गोष्ट, आपलं सरकार मतानं येतं आणि मतानं जातं. आपली त्याच्यावर कितीही नाराजी असो, आणि आपल्या भागात ती पुष्कळ आहे, प्रत्येक भांडणाला हुकूमशाही म्हणू नकोस. शब्द बोथट होतो आणि खरी वेळ आली की हाताशी राहत नाही.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण १७ मार्चलाच थांबतात. मी थोडं पुढं जाते. रूहरच्या कोळसा-पोलादाच्या भागातले कामगार तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी शस्त्रं उचलली. आणि ज्या लष्करानं बंडखोरांवर गोळी झाडली नव्हती, त्याच लष्करानं या कामगारांवर मात्र न कचरता झाडली.

चिकोडीचे एक निवृत्त ग्रंथपाल विचारतात: "तत्त्वांना हरताळ फासला" म्हणतात आणि "कडकडीत हरताळ पाळला" असंही म्हणतात. एकाच शब्दाला असे उलटे अर्थ कसे?

शब्द दोन आहेत. फासायचा तो हरताळ म्हणजे हरिताल, पिवळं खनिज. पोथीत अक्षर चुकलं की त्याचा लेप देऊन ते झाकत. पाळायचा तो हाटाला लावलेला ताळा, म्हणजे कुलूप. तो गुजरातीतून गांधीजींबरोबर घराघरात पोचला, विशेषतः ६ एप्रिल १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळानंतर. वस्तू मात्र आपल्याकडं त्याआधीची. १९०८ च्या जुलैत लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. वर्षाला एक दिवस, असा हिशेब. रस्त्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. मंडालेहून सुटून आल्यावर टिळकांनी होमरूल लीग काढली ती १९१६ च्या एप्रिलात, आपल्या बेळगावात. तेव्हा या शब्दाची आणि या गावाची सोयरीक जुनी आहे.

हरताळालाच हरताळ फासणारेही असतात. पुढचं पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

बेळगावच्या खडेबाजारातले एक कापडदुकानदार: तिसरी पिढी आहे आमची. बंद मराठीवाल्यांचा असो, कन्नडवाल्यांचा असो, नाहीतर कुठल्या पक्षाचा. सकाळी मोटरसायकली फिरतात आणि आम्ही शटर ओढतो. दर्शनी काच तीस हजारांची आहे हो. ह्याला तुम्ही अहिंसक प्रतिकार म्हणणार?

नाही म्हणणार.

माझ्या सासऱ्यांचं शहापुरात धान्याचं दुकान होतं, फळ्यांचं. १९५६ पासून आपल्याकडची मराठी माणसं १ नोव्हेंबर काळा दिन म्हणून पाळतात. सासरे आदल्या रात्रीच फळ्या लावून आकड्यात कुलूप घालून यायचे. कुणी सांगायला येत नसे. दिवाळी त्याच आठवड्यात आली, तरी त्या दिवशी घरात गोड होत नसे. पुढं कधीतरी भलत्याच कसल्या बंदच्या दिवशी पोरांचं टोळकं आलं, एक दगड फळीवर बसला आणि सासऱ्यांनी मुकाट्यानं दुकान बंद केलं. घरी येऊन टोपी खुंटीला लावताना म्हणाले, "आज मी दुकान बंद केलं नाही. माझं दुकान बंद केलंय." रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही दिवशी त्याच फळ्या दिसल्या असतील.

केरळ उच्च न्यायालयानं १९९७ साली अशा सक्तीच्या बंदला घटनाबाह्य ठरवलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उचलून धरला. त्यावर तिथल्या पक्षांनी शोधलेला तोडगा मजेदार आहे. त्यांनी बंदला "हरताळ" म्हणायला सुरुवात केली. (ग्रंथपाल महाशय, हा तिसरा अर्थ!) गांधीजींनी मात्र १९१९ साली लोकांनी दंगेधोपे केल्यावर सत्याग्रह थांबवला आणि तयारी नसलेल्या लोकांना हाक दिली ही आपली हिमालयाएवढी चूक झाली, असं कबूल केलं. अशी कबुली देणारा बंदवाला पुढारी मला अजून भेटायचाय.

आता तुम्हा दुकानदारांचीच एक गोष्ट. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर नावाचा चिमुकला देश आहे. तिथं मॅक्सिमिलियानो एर्नांदेस मार्तिनेस नावाचा जनरल तेरा-एक वर्षं राज्य करत होता. १९३२ साली यानं हजारो शेतकरी मारले होते. माणूस विक्षिप्त, देवीची साथ आली तेव्हा त्यानं रस्त्यावरच्या दिव्यांना रंगीत कागद गुंडाळले, असं सांगतात. २ एप्रिल १९४४ ला त्याच्या काही लष्करी अधिकाऱ्यांनी शस्त्रांनिशी उठाव केला. तो त्यानं चिरडला आणि त्यातल्या अनेकांना गोळ्या घातल्या. मग विद्यार्थी वर्गातून उठले. मागोमाग बँकेतले कारकून, डॉक्टर, औषधवाले, दुकानदार. या संपाला ते "हात खाली सोडलेला संप" म्हणत. मोर्चा नाही, सभा नाही, घरी बसायचं. रस्ते ओस पडले. पोलिसांना गोळी घालायला समोर कुणी नाही. ७ मे रोजी त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाला मारलं आणि उरलेसुरलेही बिथरले. दुसऱ्या दिवशी मार्तिनेसनं पायउतार होत असल्याचं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत तो देश सोडून गेला. जे बंदुकीला जमलं नव्हतं, ते पाच आठवड्यांत खाली सोडलेल्या हातांना जमलं. ऑक्टोबरात तिथं दुसरा एक कर्नल येऊन बसला, हेही सांगून ठेवते.

त्या दुकानदारांच्या काचेवर कुणी दगड घेऊन उभं नव्हतं, तरी दुकानं बंद झाली. तुम्हाला दुकान उघडं ठेवा असा शहाणपणा मी शिकवणार नाही. काच तुमची आहे. एक मात्र विचारते. बंदच्या दिवशी दुकानातल्या पोराची हजेरी तुम्ही कापता की नाही?

निपाणीहून एक विडी कामगार भगिनी (पत्र मुलीकडून लिहवून घेतलं आहे): बाई, पुढारी सांगतात संप करा. करू की. खरं चूल कुणी पेटवायची? सांजच्याला पोरं ताटाकडं बघत्यात.

सगळ्या पत्रांतला हा एकच प्रश्न मला खरा वाटला. बाकीच्यांनी रागावू नये.

माझी आई निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत होती, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तोंडाला फडकं बांधून दिवसभर चाळण मारायची. घरी आल्यावर आधी परड्यात जाऊन डोक्यावरनं पाणी घ्यायची, तरी तिच्या हातची भाकरी कडसर लागायची. ती चव मला इतकी सवयीची की लग्नानंतर सासरची भाकरी अळणी वाटली. मी सातवीत असताना त्या वखारीतल्या बायकांनी काम थांबवलं. मागण्या दोन, मजुरीत वाढ आणि बायकांसाठी संडास. अकरा दिवस चाललं.

पहिले तीन दिवस जत्रेसारखे गेले. आई दुपारी घरी असायची, हेच आम्हाला अप्रूप. चौथ्या दिवशी किराणावाल्यानं वही मिटली. पाचव्या दिवशी आजीनं पितळेची घागर मोडीत घातली. त्या रात्री मुकादम गल्लीत आला. एकेकीच्या दारात जाऊन हळू आवाजात, "तू तेवढी ये, तुला जास्त देतो." बायकांनी त्याच्यासाठी एक रीत काढली. मुकादमाशी एकटीनं बोलायचं नाही. तो दारात आला की शेजारणीला हाक मारायची आणि मगच "काय म्हनता?" विचारायचं. दोघींपुढं त्याचं तोंड उघडेना.

आणि पिठाची बुट्टी. ही कल्पना आमच्या शेजारच्या कानडी काकूंची. त्यांचा नवरा गवंडी, त्यामुळं त्यांच्या घरात रोजचे चार पैसे येत होते. ज्या घरात दुसरी कमाई आहे, त्या घरानं भाकरी थापायच्या आधी एक मूठ पीठ बुट्टीत टाकायचं. ज्या घरात काहीच नाही, त्या घरानं बुट्टीतनं न्यायचं. कोण किती नेतं हे बघायचं नाही, म्हणून बुट्टी अंधारात, जिन्याखाली ठेवलेली. न्यायला मला पाठवत. मला लाज वाटायची. काकू मुद्दाम आत जाऊन मोठ्यानं भांडी वाजवत बसायच्या, म्हणजे मला वाटावं कुणी बघत नाही. वखारीत बायका निम्म्या मराठी, निम्म्या कानडी. सीमेचा वाद आमच्या गल्लीतही होता, खरं बुट्टी एकच होती.

अकराव्या दिवशी मालकानं वाढ कबूल केली. आमचं कौतुक वाटून नव्हे. माल वखारीत पडून होता आणि पाऊस तोंडावर आला होता. संडास झाला नाही. आई रिटायर होईपर्यंत झाला नाही.

तर ताई, हिशेब दोन बाजूंनी मांडायचा. आपली चूल किती दिवस चालते हा एक. समोरच्याचं आपल्या हातांवाचून किती दिवस अडतं हा दुसरा. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांचा, अडीच लाख कामगारांचा. ते काही हुकूमशाहीविरुद्धचं आंदोलन नव्हतं, पण त्यातला धडा आपल्या घरातला आहे. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कोकण आणि आपल्या बाजूचीही माणसं गावाकडं परतली आणि गावानं त्यांना जेवू घातलं. चूल चालली. मालकांचं मात्र अडेना. कित्येकांना जुन्या गिरण्या बंद पडलेल्याच परवडत होत्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला.

पोलंडमध्ये दोन्ही हिशेब जमले. १९७० च्या डिसेंबरात तिथले कामगार भाववाढीविरुद्ध रस्त्यावर उतरले होते आणि गोळ्यांनी टिपले गेले. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतले कामगार शहाणे झाले होते. ते बाहेर पडलेच नाहीत, आतूनच फाटक लावून बसले. निमित्त काय? आना वालेन्तिनोविच नावाची क्रेन चालवणारी बाई, पेन्शनला पाच महिने उरले असताना कामावरून काढलेली. आत दारूबंदी, कारण एका झिंगलेल्या माणसानं फेकलेली बाटली सरकारला पुरली असती. घरची माणसं फाटकाच्या गजांतून जेवण देत होती. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनानं पगारवाढ कबूल केली आणि पुढारी लेख वालेन्सा यांनी संप संपला असं जाहीरही केलं. माणसं घरी निघाली. तेव्हा आना आणि आणखी दोघीतिघी बायका फाटकाशी आडव्या आल्या. त्यांतली एक होती ट्राम चालवणारी हेन्रिका क्षिवोनोस. त्यांचं म्हणणं, तुमचं झालं, आणि तुमच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बारक्या कारखान्यांचं काय? संप पुन्हा सुरू झाला आणि ३१ ऑगस्टला सरकारनं स्वतंत्र कामगार संघटनेचा हक्क कबूल केला. त्या संघटनेचे, सॉलिडॅरिटीचे, वर्षभरात सुमारे एक कोटी सभासद झाले.

डिसेंबर १९८१ मध्ये तिथं लष्करी कायदा लागला. पुढाऱ्यांना पकडलं, संघटनेवर बंदी आली. मुक्त म्हणावी अशी निवडणूक यायला १९८९ चा जून उजाडला. त्या मधल्या वर्षांत चुली कशा पेटल्या असतील, ते तुम्हाला मी सांगायला नको.

लोंढ्याहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी: मीटरगेजच्या काळात मी लोंढा जंक्शनला होतो. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस घरी गेलो नाही, रानात झोपलो. नोकरी गेली. बायको-पोरांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. वर्षात आणीबाणी लागली. अहिंसेनं काय मिळालं, सांगा.

काका, तुमच्यापुढं मी काय बोलणार? ८ मे ते २७ मे, सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांच्या त्या लढ्याबद्दल मी वाचलंय. तुम्ही तो जगलात. संप हरला. गोड बोलून काही उपयोग नाही. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांना तो सुरू व्हायच्या आधीच पकडलं होतं, हजारो आत गेले आणि शेवटी काहीही पदरात न पडता संप मागे घ्यावा लागला. माझ्या मते त्याचं एक कारण असं की रेल्वे थांबली, आणि बाकी काहीच थांबलं नाही. बर्लिनमध्ये ट्रामवाला थांबला तेव्हा नळ सोडणाराही थांबला होता. इथं तुम्ही एकटे पडलात. वर महागाईनं पिचलेल्या लोकांना वाटलं की धान्य अडलंय ते तुमच्यामुळं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली, तेव्हा तिच्याविरुद्ध देशभर काम थांबलं असं झालं नाही. ती गेली १९७७ च्या मतपेटीतून. हे मला कबूल करावंच लागतं, कारण पत्रं लिहिणाऱ्या तरुणांना संप म्हणजे रामबाण वाटू लागलाय. त्या निवडणुकीनंतर मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी परत घेतलं. तुम्हीही त्यात असाल असं धरून चालते.

पुढच्या पत्रात एवढं कळवा, रानात तुम्हाला भाकरी कोण आणून देत होतं? छापीन.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणारा तरुण: बाई, म्यानमारमध्ये लोकांनी सगळं बंद पाडलं होतं. मी मोबाईलवर रोज बघत होतो. तरी लष्कर बसलं ते बसलंच. मग?

मग काही नाही. बसलं.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली. एक-दोन दिवसांत सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर कामावरून उठले. शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वेवाले त्यांच्या मागं. २२ फेब्रुवारीला देशभर संप झाला. तारखेत पाच वेळा दोन म्हणून त्याला "पाच दोनांचा" म्हणतात. मार्चमध्ये यांगोनला संपावरच्या रेल्वे कामगारांच्या वसाहतीवर सैनिकांनी धाड घातली आणि कुटुंबांना बाहेर काढलं. वरच्या काकांचं पत्र वाच, क्वार्टर रिकामी करवून घेण्याची युक्ती सगळीकडं एकच. शेकड्यांनी माणसं मारली गेली आणि अनेकांनी शेवटी शस्त्र उचललं.

हेच उलट इराणात बघ. १९७८ च्या शरद ऋतूत तेल कामगारांनी हात काढले आणि देशाचं तेल आटलं. बाजारही बंद. तिथल्या राजाचं, म्हणजे शहाचं, ताट तेलावर भरत होतं, ते रिकामं झालं. १६ जानेवारी १९७९ ला तो देश सोडून गेला. म्यानमारचे सेनापती दवाखाने आणि शाळांवर जगत नाहीत. त्यांच्या स्वतःच्या कंपन्या आहेत, खाणीतला आणि वायूचा पैसा आहे. डॉक्टर घरी बसला तर मरतो तो गरीब रोगी, सेनापती नव्हे. म्हणून मी म्हणते, संपाआधी राजाचं ताट कुठून भरतं ते शोधावं. इराणात शहानंतर जे आलं, त्यानं संपवाल्यांनाही सोडलं नाही. ते तू मोबाईलवर बघितलं असशीलच.

तुझ्यासाठी एक हलकीफुलकी गोष्ट, वातावरण फार जड झालंय. १९४४ चा जून, नाझींच्या ताब्यातलं कोपनहेगन. संध्याकाळी आठपासून संचारबंदी. एका मोठ्या गोदीतले कामगार दुपारीच हत्यारं ठेवून निघाले. हा संप नाही म्हणाले; रात्री बाहेर पडू देत नाही, तर आमच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी कधी घालणार? चार-पाच दिवसांत अख्खं शहर "लवकर घरी" निघालं. जर्मनांनी वीज-पाणी तोडलं, गोळ्या घातल्या, शंभराच्या घरात माणसं गेली, आणि तरी त्यांनाच संचारबंदी उठवावी लागली. नाझी काही त्यामुळं देश सोडून गेले नाहीत. मिळालं ते एवढंच. भाजीचं कारण मात्र मला फार आवडतं. फाउंड्रीत सुपरवायझरला सांगून बघ.

पुण्याहून एक माजी विद्यार्थी: बाई, तुम्ही स्वतः कधी संपावर गेलात का? वर्गात कधी बोलला नाहीत.

नाही गेले. मोडला.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. पगार तीन-तीन महिने तुंबायचे. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी ठरवलं की पगार मिळेपर्यंत वर्गावर जायचं नाही. मीही हात वर केला होता. तिसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं गेलं की तुमचं कायम व्हायचं पत्र टेबलावर आहे, फक्त आजची हजेरी लागेल. दहावीची परीक्षा जवळ होती. मुलांचं नुकसान होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, त्यामुळंच ते फार उपयोगी पडलं. मी एकटी बोलायला गेले होते. शेजारणीला हाक मारली नव्हती.

सही केली. त्या दिवशी वर्गात रशियन राज्यक्रांती शिकवली, हेही लिहून टाकते. शिक्षकखोलीत माझा चहाचा कप तिथंच असायचा, पण पुढचे सहा महिने किटली माझ्यापर्यंत येऊन थांबायची.

आई तेव्हा माझ्याकडं बेळगावला राहायला आली होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. रात्री मी जेवायला बसले. ती स्टोव्हपाशी भाकरी भाजत होती. तिनं मागं न बघताच विचारलं, "हजेरीवर सही केलीस?"

"केली."

तिनं शेवटची भाकरी माझ्या ताटात टाकली आणि स्टोव्हची हवा सोडली.